युद्धात सापडलेल्या नागरिकांसाठी निवेदन, सभा आणि निधी : बेळगाव सीमाभागातील नवख्या कार्यकर्त्यांसाठी

१ मार्च २०२२ रोजी हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकीय विद्यार्थी युक्रेनमधील खार्किव्ह शहरात किराणा आणायला बाहेर पडला आणि तोफमाऱ्यात मारला गेला. महामार्गाने हुबळी ओलांडली की हावेरी, त्यामुळे ही बातमी बेळगावात परक्या देशाची म्हणून कोणी वाचली नाही. त्या आठवड्यात तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या वाचनालयात वीसेक माणसे जमली, तावातावाने बोलली, आणि रात्री दहापर्यंत अकरा मागण्यांचे एक निवेदन तयार झाले. ते राष्ट्रपती, पंतप्रधान, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस आणि जिल्हाधिकारी अशा चौघांना एकाच वेळी उद्देशून लिहिलेले होते. कार्यालयात आवक शिक्का मिळाला, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, आणि त्यापुढे काहीही घडले नाही. त्यात कार्यालयाचा दोष नव्हता. आमच्या अकरा मागण्यांपैकी सात अशा होत्या की त्या पुऱ्या करण्याचा अधिकार त्या चौघांपैकी एकालाही नव्हता.

त्यानंतरच्या वर्षांत आम्ही जे चुकतमाकत शिकलो ते येथे क्रमाने लिहिले आहे. युद्ध थांबवणे तुमच्या-माझ्या हातात नाही. परंतु नेमकी एक मागणी, ती मान्य करू शकणाऱ्या माणसाच्या टेबलावर, पुराव्यासह नेऊन ठेवणे आणि तिचे उत्तर मिळेपर्यंत मागे लागणे हे खानापूर किंवा निपाणीत बसूनही करता येते.

१. आपला प्रश्न कोणत्या खात्याचा आहे ते आधी ठरवावे

नागरिक म्हणजे जो सशस्त्र दलात नाही आणि प्रत्यक्ष लढाईत भाग घेत नाही असा प्रत्येक माणूस, मग तो कोणत्याही देशाचा असो. ही व्याख्या सोपी वाटते, पण आपल्या भागात ती मनात उतरायला वेळ लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात शतकभर आहे आणि तालुक्यातील बहुतेक गावांत फौजी घरे आहेत. साहजिकच युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणवेशातला माणूस उभा राहतो. आमच्या पहिल्या निवेदनात त्या विद्यार्थ्याला ‘वीरमरण आले’ असे लिहिले गेले होते. तो लढायला गेलेला नव्हता, भाकरीच्या सोयीला बाहेर पडला होता, आणि नेमके हेच आपल्याला सांगायचे असते. नागरिकांसाठी ‘शहीद’, ‘वीरगती’, ‘बलिदान’ हे शब्द वापरू नयेत, कारण त्या शब्दांनी मूळ अन्याय झाकला जातो.

सीमाभागात हा विषय साधारण तीन रूपांत समोर येतो, आणि तिन्हींची दारे वेगळी आहेत.

पहिले रूप म्हणजे परदेशात अडकलेला किंवा बेपत्ता झालेला आपला माणूस. येथे परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे पोर्टल आणि त्या देशातील भारतीय दूतावास हीच पहिली दोन ठिकाणे होत. येमेनमधून २०१५ मध्ये ऑपरेशन राहत, युक्रेनमधून २०२२ मध्ये ऑपरेशन गंगा, सुदानमधून एप्रिल २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरी आणि इस्रायलमधून ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑपरेशन अजय या मोहिमांतून भारतीयांना परत आणले गेले. सुदानमध्ये अडकलेल्यांत कर्नाटकातील हक्कीपिक्की समाजाची माणसे होती. औषधी तेले आणि जडीबुटी विकायला ती तिकडे गेली होती. म्हणजे अडकणारा माणूस नेहमी शिकलेला आणि इंग्रजीत तक्रार लिहू शकणारा असतोच असे नाही, आणि कार्यकर्त्याची खरी गरज तेथेच लागते.

दुसरे रूप आपल्याच देशाच्या सीमेवरील नागरिकांचे. सीमेपलीकडून होणाऱ्या गोळीबारात अथवा सुरुंगाच्या स्फोटात मृत्यू पावलेल्या नागरिकाच्या कुटुंबाला केंद्रीय योजनेतून पाच लाख रुपये मिळू शकतात. ही योजना गृह मंत्रालयाची असून ती जिल्हा प्रशासनामार्फत राबवली जाते. असे प्रकरण घेऊन परराष्ट्र मंत्रालयाकडे जाणे म्हणजे महिना-दोन महिने वाया घालवणे होय.

तिसरे रूप परक्या देशातील परक्या नागरिकांचे : गाझा, सुदान, युक्रेन, म्यानमार. येथे आपण पीडिताचे नातेवाईक नसतो, भारताचे मतदार असतो. म्हणून भारत सरकारने काय करावे एवढेच आपण मागू शकतो, आणि तेही आपल्या खासदारामार्फत मागितलेले अधिक बरे.

या तिन्हींचे एकत्र निवेदन करू नये. आम्ही केले होते.

२. अडकलेल्या माणसासाठी लागणारी कागदपत्रे

हा टप्पा घाईचा असतो, म्हणून तो स्वतंत्र लिहितो. घरातील माणसे रडत असताना कागद मागणे अवघड जाते, पण ते त्याच दिवशी मागावेत.

– पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत. ती नसल्यास निदान पासपोर्ट क्रमांक, जो जुन्या विमान तिकिटावर किंवा व्हिसाच्या मोबाईलमधील फोटोत सापडतो.
– व्हिसाची प्रत, कंपनीचे किंवा विद्यापीठाचे नाव, आणि ज्या एजंटमार्फत तो गेला त्याचे नाव व नोंदणी क्रमांक.
– शेवटचा फोन किंवा संदेश कधी आला, कोणत्या क्रमांकावरून आला आणि तो नेमके काय म्हणाला याची नोंद. पाठवलेले लोकेशन असल्यास त्याचा स्क्रीनशॉट.
– त्याच्यासोबत असलेल्या दोन-तीन जणांचे संपर्क.
– अर्ज करणाऱ्याचे नाते दाखवणारा कागद : रेशन कार्ड किंवा आधार.
– चालू असलेले औषध, आजार, गरोदरपण यांची माहिती.

शेवटच्या फोनची नोंद लोकांना किरकोळ वाटते. इराकमधील मोसुल येथे २०१४ मध्ये ३९ भारतीय कामगार बेपत्ता झाले, आणि ते मारले गेल्याचे सरकारने मार्च २०१८ मध्ये जाहीर केले, तेही मृतदेहांची डीएनए तपासणी झाल्यानंतर. मधली चार वर्षे त्या घरांनी कशी काढली असतील याचा विचार करावा. माहिती ताजी असताना लिहून ठेवलेली एक ओळ पुढे फार कामाची ठरते. वही घ्यावी, तारीख आणि वेळ टाकावी, आणि सांगणाऱ्याचेच शब्द जसेच्या तसे उतरवावेत.

संपर्कच तुटला असेल तर रेडक्रॉसची कुटुंबीयांचा संपर्क पुन्हा जोडून देणारी सेवा आहे. ती आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती आणि निरनिराळ्या देशांच्या रेडक्रॉस संस्था मिळून चालवतात, आणि भारतात भारतीय रेडक्रॉस सोसायटीकडे त्यासाठी विचारणा करता येते.

३. आकडा आणि फोटो तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये

आमच्या दुसऱ्या सभेच्या फलकावर ढिगाऱ्याखालून काढलेल्या एका मुलीचा फोटो होता. सभा सुरू होण्याच्या वीस मिनिटे आधी अकरावीतल्या एका मुलाने मोबाईलवर गूगल लेन्सने तो शोधला आणि हळूच येऊन सांगितले की हा फोटो दुसऱ्याच देशातला आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. आम्ही त्यावर पांढरा कागद चिकटवला. सभेला आलेल्या प्रत्येकाने तो पांढरा चौकोन पाहिला आणि भाषणे कमी, त्या चौकोनाची चर्चाच जास्त झाली. मुलगी खरी होती, तिचे दुःखही खरे होते, पण आम्ही ते दुसऱ्याच युद्धाच्या खात्यावर मांडले होते.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे : फोटो शक्यतो वापरायचाच नाही. वापरायचा झाल्यास स्थळ, दिनांक आणि मूळ प्रसिद्धी या तीन गोष्टी कळल्याशिवाय वापरायचा नाही, आणि ओळखू येणाऱ्या मुलाचा चेहरा तर कधीच नाही.

आकड्यांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संयुक्त राष्ट्रसंघाचे मानवी हक्क कार्यालय जेव्हा ‘पडताळणी झालेले मृत्यू’ असे म्हणते तेव्हा तो किमान आकडा असतो, प्रत्यक्ष संख्या त्याहून जास्त असू शकते. म्हणून ‘निदान इतके’ असे लिहावे. दुसरे म्हणजे प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या तारखेचा आणि कोणी दिलेला आहे हे लिहावे. लढणाऱ्या पक्षांनी दिलेले आकडे घ्यावे लागले तर ते त्यांच्याच नावावर टाकावेत. गल्लीतल्या व्हॉट्सअॅप गटावर आलेला आकडा कितीही काळीज पिळवटणारा असला तरी निवेदनात त्याला जागा नाही.

४. कायद्याची जुजबी ओळख करून घ्यावी

वकील असण्याची गरज नाही, पण चार गोष्टी पक्क्या हव्यात.

१२ ऑगस्ट १९४९ चे चार जिनिव्हा करार हा या विषयाचा पाया आहे, आणि त्यांपैकी चौथा करार युद्धकाळातील नागरिकांच्या संरक्षणाचा आहे. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये संसदेने जिनिव्हा करार अधिनियम केला. युद्धविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परंपरेचे सार तीन कसोट्यांत सांगता येते : लढवय्या आणि नागरिक यांत फरक केला पाहिजे, लष्करी लाभाच्या तुलनेत नागरिकांची हानी बेसुमार होता कामा नये, आणि हल्ल्यापूर्वी शक्य ती सर्व खबरदारी घेतली पाहिजे. रुग्णालयांवरील हल्ल्यांचा निषेध करणारा सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक २२८६ हा २०१६ चा, तर नागरिकांची उपासमार हे युद्धाचे हत्यार करण्याविरुद्धचा ठराव क्रमांक २४१७ हा २०१८ चा आहे. निवेदनात यांपैकी नेमका लागू पडणारा एक ठराव उद्धृत करावा, सगळे नकोत.

चौथी गोष्ट सापळ्याची आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेले अतिरिक्त पूरक करार (प्रोटोकॉल) भारताने स्वीकारलेले नाहीत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या १९९८ च्या रोम कराराचा भारत सदस्य नाही. निर्वासितांविषयीचा १९५१ चा करार आणि भूसुरुंगबंदीचा १९९७ चा करार यांवरही भारताची स्वाक्षरी नाही. आमच्या निवेदनात ‘रोम करारातील भारताच्या जबाबदारीनुसार’ असे एक वाक्य होते. जी जबाबदारी घेतलेलीच नाही तिची आठवण करून दिल्यावर वाचणारा अधिकारी पुढचे पान कशाला उलटेल? भारताने सदस्य व्हावे अशी मागणी करता येते, ती अगदी सन्मान्य मागणी आहे, पण ती वेगळी मागणी आहे.

५. निवेदन लिहिणे

एक पान, एक मागणी, एक उत्तरदायी माणूस. आता उदाहरण पाहू. आमचे जुने वाक्य असे होते : ‘हे अमानुष युद्ध ताबडतोब थांबवण्यात यावे व दोषींना कठोर शासन व्हावे.’ हे वाचून खासदारांनी नेमके काय करायचे? त्याऐवजी पुढील वर्षी आम्ही असे लिहिले : ‘भारताने २२ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझा पट्टीतील नागरिकांसाठी औषधे व मदतसामग्री विमानाने इजिप्तमार्गे पाठवली. यापुढील खेप पाठवण्याचा सरकारचा विचार आहे काय, असल्यास केव्हा व कोणत्या संस्थेमार्फत, हे आपण परराष्ट्र मंत्रालयाला संसदेत लेखी प्रश्नाद्वारे विचारावे, ही विनंती.’ यात पूर्वी घडलेली गोष्ट आहे, ती पुढे नेण्याची विनंती आहे, आणि खासदाराला आपल्या अधिकारात करता येईल अशी कृती आहे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पूर्ण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाची तारीख पाहून निवेदन त्याच्या महिनाभर आधी पोहोचेल असे करावे. जुना दाखला शोधण्याची सवय लावून घ्यावी. अफगाणिस्तानातील लोकांसाठी भारताने ५०,००० टन गहू जाहीर करून फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिली खेप पाकिस्तानच्या भूमीवरून ट्रकने रवाना केली होती. इतके वैर असलेल्या दोन देशांमधूनही गव्हाला वाट मिळाली, हा दाखला कोणत्याही भाषणापेक्षा जड आहे.

खासदार कोण, हा प्रश्न विचारला की लोक हसतात, पण येथेच सर्वांत जास्त टपाल चुकीच्या पत्त्यावर जाते. बेळगाव जिल्हा एक असला तरी लोकसभेचे मतदारसंघ तीन आहेत. बेळगाव शहर, बेळगाव ग्रामीण, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल हे बेळगाव मतदारसंघात येतात. निपाणी, चिकोडी, अथणी, यमकनमर्डी हे चिकोडी मतदारसंघात. खानापूर आणि कित्तूर मात्र उत्तर कन्नड मतदारसंघात आहेत, म्हणजे जांबोटीच्या माणसाचा खासदार कारवारकडचा. बेळगाव तालुक्यातील काही गावे यमकनमर्डी विधानसभेत मोडतात, म्हणून तीही चिकोडीत जातात. मतदार यादीचे पहिले पान पाहून खात्री करावी. राज्याच्या मंत्र्यांना निवेदन देण्याचा मोह हिवाळी अधिवेशन बेळगावातील सुवर्णसौध या विधानभवनात भरते तेव्हा विशेष होतो, परंतु परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे. अडकलेला माणूस कर्नाटकाचा असेल तरच राज्य सरकारकडे जाण्याला अर्थ आहे.

भाषेबद्दल. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तक्रार-निवारणासाठीचे निवेदन केंद्रात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. सीमाभागातील वाचकाला हे कलम नव्याने सांगायला नको. तरीही या कामात मी तीन भाषा सुचवतो : मूळ मराठी, दिल्लीसाठी इंग्रजी, जिल्हाधिकारी कार्यालयासाठी कन्नड. हक्क सोडायचा म्हणून नव्हे, तर टेबलावरच्या कारकुनाला भाषांतराची सबब राहू नये म्हणून. आमचे कन्नड भाषांतर शेजारच्या कन्नड शाळेतील एका बाईंनी केले, आमचे एक लांबलचक वाक्य तोडून त्याची तीन केली, आणि शेवटी स्वतःहून सहीही केली. त्या सहीखाली पुढे आणखी चाळीसेक कन्नड सह्या आल्या.

तिन्ही प्रतींवर तीच तारीख आणि तोच क्रमांक टाकावा. सह्यांच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला मागणीचे वाक्य पुन्हा छापावे. कोऱ्या कागदावर घेतलेल्या सह्यांवर उद्या कोणीही कसलाही मजकूर लावू शकतो. सही करणाऱ्याचे नाव आणि गाव पुरे, आधार क्रमांक किंवा मोबाईल क्रमांक घेऊ नये.

दोन्ही बाजूंच्या नागरिकांचा उल्लेख असावा. गाझातील मुलांविषयी लिहिताना ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्या आणि ओलीस नेलेल्या नागरिकांविषयी एक वाक्य लिहायला ज्याची लेखणी अडखळते, किंवा त्याच्या उलट जो अडखळतो, त्याने निवेदनाचा मसुदा दुसऱ्याकडे सोपवावा. हे माझे मत कडक आहे याची मला जाणीव आहे. आमच्या गटातील दोन जण त्यावरून सोडून गेले.

६. सभा किंवा मेणबत्ती मोर्चा

बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांच्या हद्दीतील पोलीस ठाण्यात, तालुक्यात स्थानिक ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात जागा, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार दोन व्यक्तींची नावे आणि विषय स्पष्ट लिहावा. ध्वनिक्षेपक असेल तर त्याची परवानगी वेगळी, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे आणि ती उघड बोललेली बरी. मराठी माणसांनी बोलावलेली सभा म्हटली की ती सीमाप्रश्नाची असावी असे ठाण्यात गृहीत धरले जाते. यासाठी १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातील मराठी माणसांचा काळा दिन) आसपासचा आठवडा आणि सुवर्णसौधमधील अधिवेशनाचा काळ टाळावा, फलकावर कोणत्याही पक्षाचे, संघटनेचे वा देशाचे झेंडे नसावेत, आणि व्यासपीठावर मराठी, कन्नड व उर्दू बोलणारे निदान एकेक तरी असावेत. सीमाप्रश्नावर माझे मत ठाम आहे, पण सुदानमधल्या उपाशी बाईच्या नावाने ते मांडायचे नसते. सोयीच्या तारखा हव्या असतील तर ८ मे हा रेडक्रॉस दिन, २० जून हा निर्वासित दिन आणि १९ ऑगस्ट हा मानवतावादी दिन आहे. शेवटची तारीख २००३ मध्ये बगदादमधील संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयावरील बॉम्बहल्ल्यात मारल्या गेलेल्या २२ जणांच्या स्मरणार्थ पाळली जाते.

मोठ्या सभेपेक्षा कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत दरवर्षी होणारी साहित्य संमेलने आम्हाला अधिक उपयोगी पडली. तेथे माणसे आधीच जमलेली असतात, मंडप असतो, आणि संयोजकांना विनंती केल्यास दहा मिनिटे मिळतात. त्या दहा मिनिटांत मी वळिवड्याची गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश नागरिक, ज्यांत बायका-मुलेच जास्त होती, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे राहिले. निपाणीहून ते ठिकाण तासाभरावर आहे. हे सांगितल्यावर मागच्या रांगेतली माणसेही मान वर करतात.

फलक छापून घेताना आणखी एक सापळा. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील तांबडा क्रॉस हे चिन्ह शोभेचे नाही. १९६० च्या जिनिव्हा करार अधिनियमाने त्याचा विनापरवाना वापर हा गुन्हा ठरवला आहे. छपाईवाला ‘मदत’ म्हटले की आपणहून ते चिन्ह टाकतो. प्रूफ पाहूनच परवानगी द्यावी.

७. पैसा

येथे उत्साहाला आवर घालावा लागतो, कारण चांगल्या हेतूनेही कायदा मोडला जातो.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्वतः पैसे गोळाच न करणे. लोकांना नोंदणीकृत संस्थेच्या अधिकृत खात्यावर थेट देणगी द्यायला सांगावे, आणि ती संस्था हा पैसा त्या युद्धग्रस्त भागासाठीच वापरते की भारतातील कामासाठी, हे आधी वाचून घ्यावे. अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या भारतीय शाखा येथे मिळालेला पैसा येथेच खर्च करतात. त्यात गैर काही नाही, पण देणगीदाराला ते ठाऊक असायला हवे. २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी रोखीने दिल्यास प्राप्तिकराची सवलत मिळत नाही.

गोळा करायचेच ठरले तर एखाद्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नये. नोंदणीकृत मंडळाचे खाते, पावती पुस्तक, आणि दर आठवड्याला सूचना फलकावर जमा-खर्च. मंडळाने थेट परदेशी पैसे पाठवायचा विचार सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय करू नये, कारण धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेल्या खर्चावर परवानगीशिवाय करसवलत मिळत नाही. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आपल्या बँकेतून देणगी परदेशी पाठवता येते. त्यासाठी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, जी आपल्यापैकी कोणाला आडवी येईल असे वाटत नाही.

परदेशातून येणाऱ्या पैशाची बाब याहून नाजूक आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी देणगी धरली जात नाही. परंतु पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला स्थायिक झालेला गोव्याचा मावसभाऊ हा कायद्याने विदेशी आहे, आणि विदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसलेल्या मंडळाने त्याचे पाच हजारही घेता येत नाहीत. खानापूर-गोवा अशी नाती असलेल्या आपल्या भागात हे हमखास घडते. देणगीदाराला पासपोर्ट कोणत्या देशाचा, हे विचारायला लाजू नये.

वस्तू घेऊ नयेत. २०१९ च्या महापुरानंतर जुन्या कपड्यांचे ढीग आपण पाहिले आहेत. तरीही आमच्या आवाहनानंतर वाचनालयाच्या ओट्यावर तीन पोती जुन्या साड्या आणि एक न चालणारा मिक्सर येऊन पडला. त्या साड्या कोणत्या बंदरातून, कोणत्या जकातीतून, कोणाच्या खर्चाने जाणार, याचा विचार देणाऱ्याने केलेला नव्हता, आणि आवाहनात स्पष्ट न लिहिल्यामुळे आम्हीही केलेला नव्हता. आवाहनाच्या पहिल्याच ओळीत ‘वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत’ असे लिहावे.

८. परत आलेल्या माणसाशी वागताना

युद्धातून सुटून आलेल्या एका विद्यार्थ्याचा आम्ही सत्कार ठेवला. शाल-श्रीफळ, फेटा, पाच वक्ते. दिवस गणपतीचे होते. तिसऱ्या वक्त्याच्या भाषणात शेजारच्या गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला आणि तो मुलगा खुर्चीतून सरकून टेबलाखाली गेला. फेटा बाजूला पडला होता. कोणी हसले नाही, पण काय करावे तेही कोणाला सुचेना. त्याच्या आईने त्याचा हात धरून त्याला मागच्या दाराने घरी नेले.

सत्कार करू नये. बोलायचे असेल तर त्याच्या घरी जाऊन, एका वेळी एकाने, त्याच्या सोयीने बोलावे. काय छापणार, कुठे छापणार, नाव येणार की नाही हे आधी सांगावे, आणि सांगून झाल्यावरही त्याला शब्द मागे घेता येईल असे स्पष्ट म्हणावे. तीच हकीकत पाच जणांपुढे पाच वेळा सांगायला लावू नये, एकदा लिहून घेऊन वाचून दाखवावी. झोप लागत नसेल, दचकणे थांबत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत सोबत जावे. तिकडे मागे राहिलेल्या मित्रांची नावे आणि ठावठिकाणे कधीही प्रसिद्ध करू नयेत, त्यांच्या जिवाला त्याने धोका होऊ शकतो.

९. पाठपुरावा

निवेदन हाती दिले की आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्यावी, दिल्लीला स्पीड पोस्टने पाठवून ट्रॅकिंगची पावती जपावी. केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर हाच मजकूर नोंदवल्यास वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. महिनाभरात काहीच कळले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून एवढेच विचारावे : ‘अमुक तारखेच्या आमच्या निवेदनावर आजपर्यंत कोणती कार्यवाही झाली व ते सध्या कोणत्या शाखेत आहे?’ मते विचारू नयेत, नोंदी विचाराव्यात. उत्तरासाठी साधारण तीस दिवसांची मुदत असते.

आमच्या वहीत सहा रकाने आहेत : निवेदनाचा क्रमांक, मागणी, कोणाला दिले, पोच, स्मरणपत्राची तारीख, उत्तर. शेवटचा रकाना बराच काळ रिकामा होता. गाझाच्या मदतीसंबंधीच्या पत्राला पावणेपाच महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की मुद्दा संबंधित विभागाकडे पाठवला आहे. त्यावर फाइल क्रमांक होता. पुढचे पत्र लिहिताना तोच क्रमांक विषयाच्या ओळीत सर्वांत आधी टाकावा, म्हणजे ते नव्या टपालात न जाता जुन्या फायलीलाच लागते.